लक्ष्मणशास्त्री जोशी

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री बाळाजी जोशी (२७ जानेवारी १९०१ – २७ मे १९९४) हे संस्कृत पंडित, धर्मसुधारक, विचारवंत आणि कोशकार होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६० ते १९८० अशी सलग वीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक म्हणून त्यांनी अखेरपर्यंत काम केले. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी भाषेसाठी दिला गेलेला हा अकादमीचा पहिला पुरस्कार होय.

जोशी यांचे चरित्र साधारणपणे दोन भागांत पाहिले जाते. पूर्वार्धात ते धर्मशास्त्राच्या आधारे रूढींवर टीका करणारे शास्त्री, सत्याग्रही आणि मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी म्हणून दिसतात. उत्तरार्धात ते शासनाच्या पैशातून साहित्य, संशोधन आणि कोशवाङ्मय उभे करणाऱ्या संस्थेचे प्रमुख म्हणून दिसतात. सार्वजनिक निधीतून साहित्याला साहाय्य करण्याची जी पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली, तिचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणशास्त्री यांचा जन्म तत्कालीन पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर या गावी झाला. पुढील अध्ययनासाठी ते किशोरवयातच सातारा जिल्ह्यातील वाई येथे आले. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांचे शास्त्राध्ययन झाले. मराठे यांनी पुढे संन्यास घेतला आणि ते स्वामी केवलानंद सरस्वती या नावाने ओळखले जाऊ लागले. 'मीमांसाकोश' हे त्यांचे मोठे कार्य होय. काही काळ विनोबा भावे यांनीही याच पाठशाळेत अध्ययन केले होते.

प्राज्ञपाठशाळेचे वातावरण पारंपरिक असले तरी परंपरेला प्रश्न विचारण्याची तेथे मुभा होती. न्याय, मीमांसा, वेदान्त आणि धर्मशास्त्र या विषयांबरोबर विद्यार्थ्यांना इंग्रजी आणि आधुनिक विद्यांचाही परिचय होत असे. न्यायशास्त्रातील विशेष अध्ययनासाठी लक्ष्मणशास्त्री कोलकात्याला गेले. १९२३ साली तेथील संस्कृत महाविद्यालयाची 'तर्कतीर्थ' ही पदवी त्यांनी मिळवली आणि ती पुढे त्यांच्या नावाचाच भाग बनली. वाईला परतल्यावर ते प्राज्ञपाठशाळेत अध्यापन करू लागले. वाई ही त्यांची आयुष्यभराची कर्मभूमी ठरली.

राष्ट्रीय चळवळ आणि धर्मसुधारणा

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत जोशी यांनी भाग घेतला आणि त्यांना कारावास भोगावा लागला. १९३२ मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये येरवडा तुरुंगात महात्मा गांधी यांचे उपोषण आणि पुणे करार या घटना घडल्या. त्यानंतर गांधींनी अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे की नाही, याविषयी येरवड्यात शास्त्रीपंडितांशी चर्चा केली. अस्पृश्यता धर्मशास्त्राला मान्य नाही, असे मूळ वचनांच्या आधारे मांडणाऱ्या पंडितांत लक्ष्मणशास्त्री हे प्रमुख होते.

जून १९३३ मध्ये गांधींचे पुत्र देवदास आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या कन्या लक्ष्मी यांचा विवाह पुण्यात झाला. वधू ब्राह्मण आणि वर वैश्य असल्याने सनातनी दृष्टीने हा प्रतिलोम आणि म्हणून निषिद्ध विवाह होता. त्याचे पौरोहित्य लक्ष्मणशास्त्री यांनी केले. १९३४ मध्ये त्यांचा 'शुद्धिसर्वस्वम्' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. धर्मांतरितांना परत घेण्याच्या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा त्यात आहे.

याच काळात प्राज्ञपाठशाळेने 'धर्मकोश' हा प्रकल्प हाती घेतला. वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत विखुरलेली धर्मशास्त्रीय वचने विषयवार आणि कालानुक्रमे एकत्र आणणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. १९३७ पासून व्यवहारकांडाचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. नियम काळानुसार बदलत गेले आहेत, हे कोशाच्या रचनेतूनच वाचकाला दिसते. धर्म अपरिवर्तनीय आहे, या समजुतीला त्यामुळे शास्त्राच्याच आधाराने छेद मिळाला. मोठे काम अनेक अभ्यासकांमध्ये वाटून घेणे, नोंदींना एकसारखी शिस्त लावणे आणि ते वर्षानुवर्षे चिकाटीने चालवणे, हा जो अनुभव येथे मिळाला, तो पुढे विश्वकोशाच्या कामी आला.

रॉयवाद

१९३६ साली मानवेंद्रनाथ रॉय तुरुंगातून सुटले. त्यानंतर जोशी त्यांच्या विचारांकडे ओढले गेले आणि महाराष्ट्रातील त्यांचे एक महत्त्वाचे सहकारी बनले. 'आनंदमीमांसा' (१९३८), 'हिंदुधर्माची समीक्षा' (१९४०) आणि 'जडवाद' (१९४१) हे ग्रंथ या काळातले आहेत. 'हिंदुधर्माची समीक्षा' हा ग्रंथ नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानांवर आधारलेला आहे. धर्मसंस्थेची ऐतिहासिक आणि समाजशास्त्रीय चिकित्सा मराठीत इतक्या स्पष्टपणे प्रथमच होत असल्याने या ग्रंथाने मोठी खळबळ माजवली.

१९४८ च्या अखेरीस रॉय यांनी आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला आणि नवमानवतावादाचा पुरस्कार केला. जोशी यांनी हा विचार अखेरपर्यंत मानला. पक्षविसर्जनानंतर मात्र त्यांचे लक्ष प्रामुख्याने संस्कृतीचा इतिहास, साहित्य आणि संस्थात्मक कार्य यांकडे वळले. १९५१ साली 'वैदिक संस्कृतीचा विकास' प्रसिद्ध झाला. १९५४ साली दिल्ली येथे भरलेल्या ३७ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यानंतर दिल्लीत पुन्हा मराठी साहित्य संमेलन भरले ते थेट २०२५ साली.

साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. नव्या राज्यात एकत्र आलेले मराठी प्रदेश पूर्वी वेगवेगळ्या सत्तांखाली होते. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई राज्यात होते, तर मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आला होता. वऱ्हाड आणि नागपूर विभाग मध्यप्रांतात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात होते. तेथे मराठी आणि हिंदी या दोन्ही राजभाषा होत्या. प्रत्येक प्रदेशात साहित्यसंस्था होत्या, पण मुद्रणालये, प्रकाशक आणि मोठी ग्रंथालये मुख्यतः मुंबई आणि पुणे येथे होती. मराठीला राजभाषा आणि ज्ञानभाषा करायचे, तर कोश, परिभाषा, संदर्भग्रंथ आणि अभिजात ग्रंथांची भाषांतरे आवश्यक होती. खासगी प्रकाशकाला परवडण्यासारखे हे काम नव्हते.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी या दृष्टीने काही संस्था उभ्या केल्या. राज्यकारभाराच्या मराठीसाठी १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले. १९ नोव्हेंबर १९६० रोजी साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना झाली आणि अध्यक्षपद लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आले. चव्हाण यांच्यावर तरुणपणी रॉय यांच्या विचारांचा काही काळ प्रभाव होता आणि जोशी यांच्याशी त्यांचा जुना स्नेह होता.

मंडळाची घडण समजून घेतल्यास अध्यक्षांसमोरचा पेच कळतो. मंडळ शासकीय निर्णयाने स्थापन झालेले होते. त्याचे सदस्य शासन नेमत असे आणि त्याचा खर्च शासनाच्या अर्थसंकल्पातून होत असे. सदस्य मात्र लेखक, संशोधक आणि प्राध्यापक असत, आणि कोणता ग्रंथ काढावा व कोणाला अनुदान द्यावे, याची शिफारस त्यांनी करावी, अशी अपेक्षा होती. म्हणजे पैसा शासनाचा आणि निवड विद्वानांची, अशी ही रचना होती. तिचे यश कायद्यातील तरतुदीपेक्षा अध्यक्षांच्या नैतिक अधिकारावर आणि सत्ताधाऱ्यांच्या संयमावर अधिक अवलंबून होते.

साहाय्याची पद्धत

मंडळाचे कार्य स्थूलमानाने तीन प्रकारांनी चालले.

पहिला प्रकार म्हणजे मंडळाने स्वतः प्रकाशित केलेले ग्रंथ. यात संशोधनपर ग्रंथ, संस्कृत आणि पाश्चात्त्य अभिजात ग्रंथांची भाषांतरे, समग्र वाङ्मयाचे खंड आणि कोश यांचा समावेश होता. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथाचे ग. ह. तारळेकर यांनी केलेले मराठी भाषांतर मंडळाने काढले. गं. दे. खानोलकर यांनी संपादित केलेल्या 'मराठी वाङ्मयकोशा'चा पहिला खंड १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. छपाईचा खर्च सार्वजनिक निधीतून होत असल्याने या ग्रंथांच्या किमती बाजारातील ग्रंथांपेक्षा बऱ्याच कमी ठेवता आल्या.

दुसरा प्रकार म्हणजे लेखक आणि प्रकाशक यांना ग्रंथप्रकाशनासाठी अनुदान. नवलेखक अनुदान योजना ही त्यातील सर्वांत परिचित योजना होय. ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही, अशा लेखकांसाठी ती आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय अशा प्रकारांतील हस्तलिखित लेखकाने मंडळाकडे पाठवायचे, तज्ज्ञांनी ते वाचून अभिप्राय द्यायचा आणि शिफारस झाल्यास पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान द्यायचे, अशी तिची पद्धत आहे. नवलेखकांसाठी कार्यशाळाही घेतल्या जातात.

तिसरा प्रकार म्हणजे साहित्य आणि संशोधन या क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्थांना अनुदान. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या संस्था १९६१ साली मराठी साहित्य महामंडळाच्या रूपाने एकत्र आल्या. नियतकालिके, संशोधन, व्याख्यानमाला आणि संमेलने यांसाठी साहित्यसंस्थांना मिळणाऱ्या शासकीय साहाय्याचे महत्त्व पुढील काळात वाढत गेले.

नाट्यस्पर्धा, लोककला आणि कलावंतांचे मानधन हे विषय शासनाच्या सांस्कृतिक कार्याच्या यंत्रणेकडे राहिले. साहित्य, संशोधन आणि कोशकार्य हेच मंडळाचे मुख्य क्षेत्र राहिले.

महात्मा फुले समग्र वाङ्मय

मंडळाच्या प्रकाशनांपैकी सर्वाधिक दूरगामी परिणाम घडवणारा ग्रंथ म्हणून 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' याचा उल्लेख केला जातो. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. जोतीराव फुले यांची पुस्तके तोवर विखुरलेली आणि बव्हंशी दुर्मीळ होती. फुले यांचे विचार पुष्कळांना दुसऱ्यांच्या लेखनातूनच माहीत होते. एकाच खंडात आणि स्वस्त किमतीत मूळ लेखन उपलब्ध झाल्यावर फुले यांच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या दलित आणि बहुजन साहित्याच्या चळवळींतील वाचक-लेखकांच्या हाती हा ग्रंथ गेला. नंतर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. य. दि. फडके यांनी त्याचे नव्याने संपादन केले.

जोशी यांनी स्वतः १९४७ साली 'ज्योतिनिबंध' या छोट्या पुस्तकातून फुले यांच्या विचारांचे महत्त्व प्रतिपादले होते. ब्राह्मणी धर्मव्यवस्थेवरील फुले यांची टीका अत्यंत प्रखर आहे. असे लेखन शासनाच्या खर्चाने काढणारी संस्था एका वेदशास्त्रसंपन्न पंडिताच्या अध्यक्षतेखाली होती, ही बाब अभ्यासकांनी नोंदवण्यासारखी आहे.

वऱ्हाड आणि मंडळ

वऱ्हाडाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्राचीन स्थान आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र होय. तेराव्या शतकात या पंथाच्या अनुयायांनी मराठीत गद्यरचना केली. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथील कालंकादेवीचे मंदिर आणि तेथील बाराव्या शतकातील शिलालेख ही यादवकालीन राजाश्रयाची साक्ष आहे. पुढे निजामाची आणि त्यानंतर इंग्रजांची सत्ता आली आणि अशा आश्रयाची परंपरा खंडित झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वऱ्हाडातील साहित्यव्यवहार मुख्यतः वकील, शिक्षक आणि सार्वजनिक कार्यकर्ते यांच्या वर्गणीवर आणि उत्साहावर चालला. विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावती येथेच झाली. संघाचे मुख्य कार्यालय नंतर नागपूरला गेले.

मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य मराठी वाचकांसमोर आले. १९६१ मध्ये अमरावतीचे सुरेश भट यांचा 'रूपगंधा' हा काव्यसंग्रह आला. या प्रदेशात लिहिणारे होते, पण त्यांना पुस्तक काढण्याची साधने मिळणे कठीण होते. बार्शीटाकळीसारख्या गावात शाळेत शिकवणाऱ्या किंवा शेती करणाऱ्या लेखकाला मुंबई-पुण्याचे प्रकाशक अपरिचित असत. बोलीभाषेतील लेखनाला बाजार मिळेल की नाही, याचीही त्या प्रकाशकांना शंका वाटे. पदरमोड करून पुस्तक छापणे हाच पर्याय अनेकांपुढे असे. ओळख किंवा शिफारस नसतानाही हस्तलिखित टपालाने पाठवता येईल आणि त्याचा निर्णय वाचणाऱ्याच्या अभिप्रायावर होईल, अशी सोय नवलेखक अनुदानामुळे झाली.

या पद्धतीच्या मर्यादाही होत्या. मंडळाचे कार्यालय मुंबईत होते आणि परीक्षक बहुधा विद्यापीठीय वर्तुळातील असत. अनुदानाने पुस्तक छापले जाई, पण त्याच्या वितरणाची खात्री नसे. छापलेल्या प्रती लेखकाच्या घरात किंवा प्रकाशकाच्या गोदामात पडून राहतात, ही तक्रार अनुदानित पुस्तकांबाबत पुढेही होत राहिली. प्रमाण मराठीत घडलेल्या परीक्षकांना बोलीतील लेखनाचे मोल कितपत कळते, हाही प्रश्न विदर्भ आणि मराठवाड्यातील लेखकांना पडणे साहजिक होते.

'लीळाचरित्र' आणि वाद

सार्वजनिक संस्थेने धार्मिक परंपरेचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला तर कोणते प्रश्न उद्भवतात, याचा अनुभव मंडळाला 'लीळाचरित्रा'च्या निमित्ताने आला. चक्रधर स्वामींच्या आठवणींचे म्हाइंभटाने रिद्धपूर येथे केलेले हे संकलन मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक मानले जाते. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत आणि मठांतील पोथ्यांत जपले गेले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी त्यांच्या लिपीचा उलगडा केल्यावर हे वाङ्मय पंथाबाहेरील अभ्यासकांना खुले झाले. ह. ना. नेने आणि शं. गो. तुळपुळे यांनी 'लीळाचरित्रा'चे भाग यापूर्वी संपादित केले होते.

बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेले वि. भि. कोलते हे महानुभाव वाङ्मयाचे अधिकारी अभ्यासक होते. अनेक पोथ्यांची तुलना करून त्यांनी सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची संहिता मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली. अभ्यासकांनी तिचे स्वागत केले. महानुभाव पंथातील अनेकांनी मात्र तिच्यातील काही लीळांना तीव्र आक्षेप घेतला. आपल्या उपास्याविषयी अनुचित वाटणारा मजकूर शासकीय संस्थेने छापावा, हे त्यांना मान्य नव्हते. हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला.

या वादात दोन्ही बाजूंना काही पायाभूत प्रश्न होते. पोथ्यांत जे आढळते ते जसेच्या तसे देणे, हे संपादकाचे कर्तव्य असते. पंथाच्या दृष्टीने मात्र त्या पोथ्या हा केवळ भाषेच्या इतिहासाचा पुरावा नसून श्रद्धेचा ठेवा असतो, आणि कोणता पाठ प्रमाण मानायचा हा अधिकार परंपरेचा असतो. खासगी प्रकाशकाने असा ग्रंथ काढला असता तर वाद त्याच्यापुरता राहिला असता. मंडळाचे प्रकाशन असल्याने तो शासनाच्या भूमिकेचा प्रश्न बनला. ग्रंथप्रामाण्याची चिकित्सा हा ज्यांच्या जीवनकार्याचा गाभा होता, अशा अध्यक्षांच्या कारकिर्दीतच हा प्रसंग उद्भवला.

पुढे २०२३ साली महाराष्ट्र शासनाने रिद्धपूर येथेच मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा केला. त्यामुळे महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला वऱ्हाडातच शासकीय आधार उपलब्ध झाला.

मराठी विश्वकोश

मराठीत विश्वकोश तयार करणे हे मंडळाचे सर्वांत मोठे काम ठरले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' १९२० च्या दशकात पूर्ण झाला होता. त्यानंतरच्या काळात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाजशास्त्रे यांत झालेली वाढ पाहता नव्या कोशाची गरज होती. विश्वकोशाची योजना वीस खंडांची आखण्यात आली. कार्यालय मुंबईत न ठेवता वाई येथे ठेवण्यात आले आणि प्रमुख संपादकपद जोशी यांच्याकडे आले.

पहिली अडचण परिभाषेची होती. अनेक विषयांत मराठी पारिभाषिक शब्द निश्चित झालेले नव्हते, आणि लेखकागणिक शब्द बदलले तर कोश वाचकाला निरुपयोगी ठरला असता. म्हणून परिभाषासंग्रहाचा, म्हणजे अठरावा, खंड आधी तयार करून १९७३ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला. त्यानंतर १९७६ मध्ये पहिला खंड आला. विज्ञानशाखांपासून ललित कलांपर्यंतच्या नोंदी विषयतज्ज्ञांकडून लिहून घेणे, त्या वाईच्या कार्यालयात तपासणे, त्यांची भाषा एकसारखी करणे आणि चित्रे व नकाशे मिळवणे, हे काम अतिशय वेळखाऊ होते. खंडांच्या मंद गतीबद्दल टीकाही झाली. आधीच्या खंडांतील माहिती नंतरचे खंड निघेपर्यंत जुनी होते, हा आक्षेप रास्त होता.

कामाचा व्याप वाढल्याने १ डिसेंबर १९८० रोजी मूळ मंडळाचे विभाजन करून महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ स्वतंत्र करण्यात आले. जोशी त्याचे अध्यक्ष आणि प्रमुख संपादक झाले. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद तत्त्वज्ञानाचे अभ्यासक सुरेंद्र बारलिंगे यांच्याकडे गेले. जोशी यांच्या निधनानंतर मे. पुं. रेगे यांनी विश्वकोशाची धुरा सांभाळली. संकल्पित वीस खंडांचे काम एकविसाव्या शतकात पूर्ण झाले आणि विश्वकोश संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाला.

विचार आणि लेखन

जोशी यांच्या लेखनात पारंपरिक पांडित्य आणि आधुनिक चिकित्सा यांचा मेळ दिसतो. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथात त्यांनी वेदकाळापासून आधुनिक प्रबोधनापर्यंत भारतीय संस्कृतीचा आढावा घेतला. बौद्ध आणि जैन विचारांनाही त्यांनी या विकासाच्या प्रवाहात स्थान दिले. वैदिक परंपरेला केंद्रस्थानी ठेवून सर्व भारतीय संस्कृतीचा अर्थ लावता येतो का, असा आक्षेप या मांडणीवर घेतला गेला. तरीही संस्कृतीकडे सतत बदलणारी मानवी निर्मिती म्हणून पाहण्याची दृष्टी या ग्रंथाने मराठीत रुजवली.

साहित्यसमीक्षेच्या क्षेत्रात 'आधुनिक मराठी साहित्याची समीक्षा व रससिद्धांत' (१९७३) हे त्यांचे पुस्तक महत्त्वाचे आहे. साहित्य अकादमीसाठी त्यांनी राजवाडे आणि लोकमान्य टिळक यांच्या निवडक लेखांचे संग्रह संपादित केले. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळातर्फे चालणाऱ्या 'नवभारत' या वैचारिक मासिकाशीही त्यांचा निकटचा संबंध होता.

मूल्यमापन

जोशी यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन मते मांडली जातात. शासनाशी निकटचा संबंध आल्यामुळे त्यांच्यातील बंडखोर विचारवंत मागे पडला आणि प्रशासक पुढे आला, असे एक मत आहे. एकाच व्यक्तीकडे वीस वर्षे अध्यक्षपद राहिल्याने मंडळाला स्वतःचे कायमस्वरूपी स्वायत्त रूप मिळाले नाही आणि त्याची प्रतिष्ठा व्यक्तीवर अवलंबून राहिली, असेही म्हटले जाते. अध्यक्ष आणि सदस्यांची नेमणूक शासनाकडेच राहिल्याने हा प्रश्न त्यांच्यानंतरही शिल्लक राहिला.

दुसऱ्या मतानुसार, बाजाराच्या हिशेबात न बसणारे आणि राजकीयदृष्ट्या सोयीचे नसलेले ग्रंथही सार्वजनिक निधीतून निघू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. फुले यांचे समग्र वाङ्मय, महानुभावांचा आद्य ग्रंथ, संगीतशास्त्रावरील संस्कृत ग्रंथाचे भाषांतर आणि विज्ञानाच्या नोंदींनी भरलेला विश्वकोश ही सर्व कामे एकाच संस्थेच्या छत्राखाली झाली. खेड्यापाड्यातील शाळेच्या ग्रंथालयात आणि तालुक्याच्या गावच्या वाचनालयात ती अल्प किमतीत पोहोचली. मराठी भाषेतील आजच्या अनेक संदर्भसाधनांचे मूळ या काळातील कार्यात सापडते.

निवडक ग्रंथसंपदा

शुद्धिसर्वस्वम् (संस्कृत, १९३४)
आनंदमीमांसा (१९३८)
हिंदुधर्माची समीक्षा (१९४०)
जडवाद (१९४१)
ज्योतिनिबंध (१९४७)
वैदिक संस्कृतीचा विकास (१९५१)
आधुनिक मराठी साहित्याची समीक्षा व रससिद्धांत (१९७३)
धर्मकोश (संपादन)
मराठी विश्वकोश (प्रमुख संपादक)

सन्मान

अध्यक्ष, ३७ वे मराठी साहित्य संमेलन, दिल्ली (१९५४)
साहित्य अकादमी पुरस्कार (१९५५)
पद्मभूषण (१९७६)
साहित्य अकादमीची महत्तर सदस्यता (१९८९)
पद्मविभूषण (१९९२)